पोचा पाडून मिळेल का?

कमीत कमी सामानात घरादाराला जास्तीत जास्त वैताग कसा द्यावा, अशी परीक्षा कुणी घेतली तर माझे धाकटे दीर उभ्या पुण्यात पहिले येतील. या माणसाच्या मालकीचं होतं काय? चार सदरे, एक चष्मा, लाकडी टिपऱ्यांची एक जोडी आणि एक जुना पत्र्याचा ड्रम. लग्न केलं नाही, त्यामुळे बाकीचा संसार आमचाच वापरत. कसबा पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांतली मागची खोली त्यांची, सकाळी बँकेत कारकुनी, शनिवारी-रविवारी ऑर्केस्ट्रात वाजवणं आणि रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा रियाज. मी सकाळी उठल्यावर दिवसाची यादी करते आणि झोपण्यापूर्वी तिच्यावर खुणा करते. इतक्या वर्षांत जेवढ्या खुणा राहून गेल्या, त्यांतल्या निम्म्या तरी भाऊजींमुळे.

तो ड्रम घरात आला तोच यादी मोडून. माझं नवीन लग्न झालेलं. रविवारी ते जुन्या बाजारात निघाले होते म्हणून मी बिजागऱ्या, कडी, स्टोव्हची पिन अशा सात वस्तू लिहून दिल्या. परत आले ते काखेत हा ड्रम घेऊन. सातांपैकी एकही वस्तू नाही. वरातीच्या बँडमध्ये गळ्यात अडकवतात तशाच जातीचा, पण उथळ आणि स्टँडवर ठेवून वाजवायचा. अंग पोलादी पत्र्याचं, वरचा चकचकीत मुलामा जागोजागी उडालेला, आणि खालच्या बाजूला पातळ तारा ताणलेल्या, त्यामुळे टिपरी पडली की नुसतं टण् न होता एक सळसळ उठायची.

"वहिनी, अगदी स्वस्तात मिळाला."

"यादीत होता का?"

"यादी करताना तुम्हाला तो माहीत नव्हता," ते शांतपणे म्हणाले आणि वाजवायला बसले.

दुसरा कोणी असता तर आपली वस्तू किती दुर्मीळ आहे ते सांगत सुटला असता. आमचं उलटं. परदेशात हा ड्रम शाळेतल्या पोरांना शिकायला देत, कारखान्यातून पिंपांसारखे ढिगाने निघत, हे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. "पोरांनी पाडावा, आपटावा, तरी वाजावा म्हणून केलेला आहे. भारी ड्रम असता तर मी त्याला सांभाळत बसलो असतो. हा मला सांभाळून घेतो." एकदा ऑर्केस्ट्राचं सामान उतरवताना तो टेम्पोतून रस्त्यावर पडला आणि त्याच्या अंगाला लिंबाएवढा पोचा आला. मी हळहळले. भाऊजींनी मात्र वाजवून पाहिलं आणि चेहरा उजळला. फाजील घणघण कमी झाली होती म्हणे. "पोचा पडला आणि आवाजाला अक्कल आली," असं ते पुढे प्रत्येकाला सांगत. ऐकणाऱ्याला, माझ्यासकट, त्यात काडीचाही रस नसे.

रियाज ठरल्या वेळी संपायचा, पण वाजवणं संपायचं नाही. टेबल, गॅसची टाकी, शेजाऱ्यांच्या स्कूटरची सीट, काहीही चाले. भांड्यांच्या दुकानात मी किंमत विचारेपर्यंत हे डब्यावर बोटं वाजवून "नको, कोंदट आहे" असा निकाल देऊन मोकळे. त्यात साऱ्या जगाची लय तपासायची खोड. माझ्या भाजी चिरण्याला, जिना उतरण्याला, फोनवर बोलण्याला त्यांचा एकच शेरा ठरलेला: "वहिनी, घाई होतेय." घरात चार माणसं, दोन डबे, माझी नोकरी आणि साडेनऊची बस. घाई नाही होणार तर काय होणार! माझ्या नणंदेच्या लग्नात मी मिनिटामिनिटाचा कागद केला होता. वरात निघाली आणि कोपऱ्यावर थांबली ती हलेचना. जाऊन पाहते तर बँडवाल्याचा ड्रम भाऊजींच्या गळ्यात, बँडवाल्यांनी हौसेने चढवलेला लाल कोट अंगात, आणि खुद्द नवरदेव ताल धरून उभा. मुहूर्त कसाबसा गाठला. भटजींनी मंगलाष्टकं आवरती घेतली, तर भाऊजी माझ्या कानाशी कुजबुजले, "फार घाई झाली."

नव्वदनंतर बाजार खुला झाला आणि ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला. एका सपाट पेटीतून ढोलक, घुंगरू, मेघगर्जना, सगळं निघायचं. मालकाने भाऊजींना सांगितलं, ड्रम विका आणि हे शिका. त्यांनी एक दिवस ती पेटी वाजवून पाहिली आणि परत केली. "चांगली आहे. पण कितीही हळू मारा, ती आपल्याच मनाने बोलते." ऑर्केस्ट्रा सुटला. पुढे बँकेत संगणक आले, स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तीही त्यांनी घेतली. राहिले सहा ते साडेसहा. तोवर तिसऱ्या मजल्यावर नागपूरकडचा एक आयटीतला मुलगा भाड्याने आला होता. अमेरिकेच्या वेळेवर काम करायचा आणि दिवसा झोपायचा. एकदा तो तक्रार घेऊन आला आणि ड्रम पाहून थबकला.

"काका, हा तर बिगिनर्सचा ड्रम आहे ना?"

"बरोबर. मी अजून शिकतोच आहे."

"ऑनलाइन असे शेकडो पडलेत विकायला."

"शेकडो?" भाऊजी खुर्चीतून उठलेच. "ऐकलंत वहिनी? शेकडो अजून जिवंत आहेत!"

मुलगा तक्रार न करता गेला. मला मात्र निवृत्त झालेल्या भाऊजींना चांगली भेट द्यायची होती. ते आठ दिवस कोकणात गेले तेव्हा मी यादी केली: ड्रमचा पोचा काढणे, पॉलिश करणे. तांबट आळी घरापासून पाच मिनिटांवर. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटांनी "आम्ही तांब्याचं काम करतो, हे पत्र्याचं" अशी कुरकुर केली, पण आतून ठोके देऊन पोचा असा काढला की बोट फिरवूनही कळू नये, वर पॉलिशही करून दिलं. दोन्ही कामांवर खूण करताना मला फार बरं वाटलं.

भाऊजी आले. एकदा टिपरी मारली, कान दिला, दुसऱ्यांदा मारली. "छान. अगदी नवा झालाय," म्हणाले आणि ड्रम कपाटावर ठेवला. त्या दिवशी सहा वाजता काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पहिला आठवडा मी शांततेत मजेत काढला. मग दूध उतू जायला लागलं, कारण साडेसहाला रियाज थांबला की गॅस बंद करायचा हे माझ्या हातांना कळत होतं, मला नाही. महिन्याने तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा खाली आला. "काकू, काका बरे आहेत ना? मी त्यांच्या आवाजानेच उठायचो. दोनदा ऑफिसला लेट झालो."

भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "तसं काही नाही हो. ओळखीचा माणूस नवी कवळी बसवून आला की तो बोलतो ते खरं वाटत नाही, तसं झालंय. होईल सवय." मला बोल लावला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. पण ते खिडकीत नुसते बसून राहत. बोटंही खिडकीच्या गजावर गप्प. हा माणूस आता पुन्हा वाजवणारच नाही, आणि ते माझ्या यादीने केलं, हे मला रोज सहा वाजता कळायचं.

शेवटी मीच ड्रम पिशवीत घालून पुन्हा तांबट आळीत गेले.

"पोचा परत पाडून मिळेल का?"

म्हाताऱ्याने हातोडी खाली ठेवली. "बाई, चाळीस वर्षं पोचे काढतोय. पाडून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच. कुठे पाडू?"

मला सांगता येईना. यादीत 'पोचा काढणे' होतं, कुठला ते नव्हतं. त्यांनी अंदाजाने एक ठोका दिला, टिपरी माझ्या हातात दिली. वाजवलं. घणघण होतीच. दुसरा ठोका. जरा कमी. आळीभर हातोड्या चालू, आणि मी मधोमध उभी राहून एका पत्र्याला कान लावते आहे. तिसऱ्या ठोक्यानंतर वाजवलं आणि तोंडातून निघून गेलं, "थांबा. हाच." इतकी वर्षं मी जो आवाज सहन करत होते, तो मला पाठ झाला होता.

भाऊजींनी ड्रम फिरवून फिरवून पाहिला. "पोचा दोन बोटं डावीकडे आलाय."

"मग?"

"मग काय, मीही जरा डावीकडे सरकतो." त्या संध्याकाळी ते सातपर्यंत वाजवत होते. दूध त्या दिवशीही उतू गेलं.

आता त्यांच्या हाताला कंप आहे. टिपरी धरवत नाही, म्हणून ड्रम बाहेरच्या खोलीत स्टँडवर नुसता ठेवलेला असतो. मीही निवृत्त झाले आहे. यादी अजून करते, पण ती दुपारीच संपते. धूळ पुसताना कधी सहा वाजलेले दिसतात, तेव्हा मी टिपरी उचलते आणि इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून चार ठोके मारते. मला जमत नाही. आतल्या खोलीतून आवाज येतो, "वहिनी, घाई होतेय."

पूर्वी मी काहीतरी सुनावलं असतं. आता फडकं बाजूला ठेवते आणि पहिल्यापासून, जरा सावकाश, पुन्हा सुरू करते.