टेबलाशी सहमत होणारी पाणसळ

सगळे त्याला ‘काटकोन’ म्हणत. सुतार म्हणून तो बरा होता, पण हे नाव कौतुकाचं आहे असं फक्त त्यालाच वाटायचं. कुणाच्याही घरी गेला की चहा येण्याआधी तो भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करी, आणि तो गेल्यावर घरातलं कुणीतरी ते पुन्हा सरळ करी.

त्याची सगळी भिस्त होती कामाच्या टेबलावर. घरामागच्या शेडमध्ये त्याने स्वतः बनवलेलं, जाड लाकडाचं, फरशीला बोल्ट मारून घट्ट बसवलेलं. “जग वाकडं असेल, माझं टेबल नाही,” असं तो बायकोला सांगे. सपाटी तपासायची नवी पाणसळ आणली की पहिली त्या टेबलावर ठेवायची. नळीतला बुडबुडा मधोमध थांबला नाही तर पाणसळ खोटी. अशा कितीतरी पाणसळी त्याने दुकानदाराच्या माथी परत मारल्या होत्या, वर माल तपासून आणण्याचा उपदेशही फुकट दिला होता. नजर तयार आहे म्हणून तो पाणसळीवाचूनच काम करी. टेबलावर बनायच्या त्या खुर्च्या आणि पेट्या, त्यांचे कोपरे काटकोनात असले की पुरतं, त्यामुळे कधी काही उघडकीला आलं नाही.

मग ताईचे पाय गेले. थोरली बहीण, शेजारच्याच गल्लीत एकटी राहणारी. चाकाची खुर्ची आली, पण दारापुढच्या पायऱ्यांनी तिला घरात कोंडून घातलं. “मला उचलून न्यायचं नाही आणि ढकलायचंही नाही,” तिने बजावलं. “माझी मी जाईन, नाहीतर जाणार नाही.” व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की चढ पाच अंशांच्या आत ठेवलात तर जमेल. अंश म्हटल्यावर नजरेचं काम संपलं. काटकोन नाइलाजाने दुकानात गेला.

“परत आणायला काय घेऊन जाताय?” दुकानदाराने विचारलं.

“चढ मोजायचाय. अंशात.”

दुकानदाराने डिजिटल पाणसळी मांडल्या. एक हातभर लांब, भिंतीला लावायची. एक स्वस्तातली, जिचे आकडे उन्हात दिसत नव्हते. आणि एक छोटी डबी, तळाला लोहचुंबक, आकडे ठसठशीत. “हिला हे शून्याचं बटण आहे. जिथे ठेवून दाबाल त्या जागेलाच ती शून्य धरते आणि तिथून पुढे मोजते. म्हणून आधी खरोखर सपाट जागा...”

“म्हणजे मी सांगेन ते ऐकते,” काटकोन म्हणाला आणि पुढचं न ऐकता डबी खिशात घातली.

घरी येऊन त्याने ती टेबलावर ठेवली. आकडा आला दोन. त्याने बटण दाबलं. डबी टूं करून वाजली आणि शून्य दाखवू लागली. त्याच्या टेबलाशी सहमत झालेली ही पहिलीच पाणसळ. त्याने बायकोला मुद्दाम बोलावून दाखवली.

ताईच्या दारातला लाकडी उतार त्याने डबीच्या भरवशावर बांधला. पाचाच्या किंचित आत. जवळजवळ सपाटच वाटतोय, असा शेराही स्वतःच मारला. ताई हळूहळू खाली उतरली, फाटकापर्यंत गेली, वळली, आणि चढताना निम्म्यावर अडकली. हात थरथरायला लागले, चाकं मागे सरकली. त्याने धावत जाऊन खुर्ची धरली आणि वर ढकलली.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. “तुझं काम चोख आहे रे. माझ्याच हातात आता काही उरलं नाही,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काटकोन शेडमध्ये येऊन बसला. त्याला रडू येत होतं आणि ते कुणावर काढावं ते कळत नव्हतं. बायको चहा घेऊन आली. कप ठेवायला तिने डबी उचलली आणि फिरवून दुसऱ्या तोंडाने ठेवली.

“हे काय, आता चार दाखवतंय.”

“उलटी ठेवलीस.”

“उलटी ठेवली म्हणून सपाट टेबल तिरकं होतं का?”

काटकोनने कप खाली ठेवला. पाणसळ फिरवून ठेवायची, दोन्ही बाजूंनी तेच दिसलं तरच जागा सपाट, हे तर कामाला लागल्या दिवशीचं शिक्षण. तो ते ज्याला त्याला ऐकवायचा. फक्त स्वतःच्या टेबलावर कधी करून बघितलं नव्हतं, कारण टेबलावर संशय घेणं म्हणजे स्वतःवरच घेणं. फरक चाराचा, म्हणजे त्याच्या निम्म्याने, दोन अंशांनी, टेबल कललेलं. पाणी वाहून जावं म्हणून शेडची फरशी उतरती कर, असं गवंड्याला त्यानेच तर दरडावून सांगितलं होतं. आणि त्याच फरशीवर सारख्या मापाचे पाय ठोकले होते. तेच दोन अंश डबीने शून्य धरले होते, म्हणून ताई पाच नाही, सात अंशांचा चढ चढत होती.

तो तसाच तिच्या दारात गेला. तिने दार उघडलं.

“ताई, दोष तुझ्या हातांचा नाही. माझ्या टेबलाचा.”

“काय झालं टेबलाला?”

“वाकडंय. पहिल्यापासून.”

 ताई हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आणि माझी कॅलेंडरं सरळ करत होतास इतकी वर्षं,” ती म्हणाली. “हातमोजे कुठे टाकले मी?”

नवा उतार पार फाटकापर्यंत लांबला. या वेळी डबी दुकानदाराच्या समोर, त्याच्या काचेच्या काउंटरवर, नव्याने शून्य धरून, दोन्ही तोंडांनी ठेवून तपासली गेली. दुकानदार काही बोलला नाही, आणि ते ऐकून घ्यावं लागलं.

ताई खाली उतरली, वळली, चढू लागली. निम्म्यावर थांबली. काटकोनचे हात पुढे झाले. ते त्याने खिशात कोंबले आणि खिशातली डबी टूं करून वाजली.

“गप्प कर तिला,” ताई मागे न बघता म्हणाली आणि चाकांना रेटा दिला. वर पोचली. दार तिने स्वतः उघडलं, आत गेली.

तो खालीच उभा होता, नाक पुसत. आतून आवाज आला, “येतोस की तिथंच मोजत बसणार आहेस?”