दस्तगीर मिस्त्रींचं मुकं तेल

दस्तगीर मिस्त्रींशी ओळख व्हायची ती हातापासून. नमस्कार, सलाम व्हायच्या आत ते समोरच्याचा तळवा आपल्या हातात घ्यायचे आणि त्यावरून अंगठा फिरवायचे. नवख्याला वाटायचं, मिस्त्री हात बघतात. एक बाई तर मुलीच्या लग्नाचं विचारायला आल्या होत्या म्हणे. पण मिस्त्रींना भविष्याशी काही देणंघेणं नव्हतं. तळव्याला घाम आहे का, एवढंच त्यांना बघायचं असे. उद्यमनगरातल्या त्यांच्या शेडमध्ये जळलेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होत, आणि ओल्या हाताचा माणूस तिथं चालत नसे. माझा तळवा चाचपून त्यांनी तो हळूच परत दिला. म्हणाले, "पावणं, हात वला हाय तुमचा. तिकडं बाकड्यावर बसा आणि लांबनं बोला."

मी बाकड्यावरून बोललो. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी एक जनरेटर बांधत होतो. कंडेन्सरांची रांग सावकाश विजेनं भरून घ्यायची आणि ती सगळी वीज एका क्षणात बाहेर फेकायची, असं ते यंत्र. मोठ्या प्रयोगशाळांत ते खोलीभर पसरलेलं असतं. आमच्याकडे तेवढी खोलीच नव्हती, म्हणून मी ते ट्रंकेएवढ्या लोखंडी पेटीत बसवायला निघालो. तोच प्रबंधाचा विषय. पण पेटी लहान केली की तारा जवळ येतात आणि वीज मधल्यामध्येच उडी मारते. शिवाय एकामागून एक ठिणग्या काढत राहिलं की पेटी तापते. माझ्या दोन पेट्या जळल्या होत्या आणि मुदतवाढ संपत आली होती. हे वर्ष हातचं गेलं असतं तर प्रबंधही गेला असता आणि नोकरीही.

मिस्त्रींनी माझी आकृती उलटी धरून बघितली. "डबा ल्हान केलासा, सर. आतली आग ल्हान केलीसा व्हय?"

उपाय त्यांच्याकडेच होता. ट्रान्सफॉर्मरसारखी पेटीही तेलानं भरायची ठरवून त्यांनी तिच्या दोन्ही अंगांना नळ्या जोडल्या. आतलं तेल तापून वर चढायचं, नळ्यांतून निवत खाली उतरायचं; पंखा नको, पंप नको. मी दोन दिवस गणित करून नळ्यांची लांबी काढली, ती त्यांनी नजरेनं धरलेल्या लांबीपेक्षा वीतभर कमी भरली. "ऱ्हाऊ द्या की जास्त," ते म्हणाले. "उन्हाळा काय तुमच्या वहीत बघून येतोय?"

तेलाच्या बाबतीत मात्र मिस्त्री कडक सोवळं पाळायचे. तेच तेल विजेला अडवतं आणि तेच उष्णता वाहून नेतं. पण त्यात पाण्याचा अंश गेला की अडवायचं काम सोडून देतं. मिस्त्री पळीभर तेल घ्यायचे, त्यात तापवलेली सळई बुडवायचे आणि कान लावून ऐकायचे. चर्र झालं की पाणी आहे. "बोलाय लागलंय," असं म्हणून ते तेल पुन्हा तापत ठेवायचे. "बडबडं त्याल नगं आपल्याला. मुकं त्याल पायजे." घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधल्याशिवाय ते पेटीवर वाकत नसत. मलाही बांधायला लावला. आमचे प्राचार्य एकदा कौतुकानं बघायला आले, तर सुटाबुटातल्या प्राचार्यांनाही बांधला.

अखेर पेटी भरली, झाकण बसलं आणि ती कॉलेजात आली. जाताना मिस्त्रींनी बजावलं, "आता झाकणाला हात लावायचा न्हाय. परीक्षा हुईस्तोवर न्हाय."

खंडेनवमीला मी हात लावला. आतला एक सांधा ढिला तर राहिला नाही ना, या शंकेनं मला ग्रासलं होतं. सकाळी झाकण काढलं. सांधा ठीक होता. झाकण परत ठेवून पाना शोधायला गेलो, तेवढ्यात विद्यार्थी हळदकुंकू आणि झेंडूची फुलं घेऊन आले. सगळ्या यंत्रांची पूजा झाली, माझ्या पेटीची जरा जास्तच. आंब्याच्या डहाळीनं पाणी शिंपडलं. मीही भक्तिभावानं हात जोडले. पूजा मिस्त्रींच्या शेडमध्येही व्हायची, पण कोरडी, आणि नारळ बाहेर रस्त्यावर फुटायचा. हे मला त्या वेळी आठवलं नाही. मी बोल्ट आवळले आणि मोकळा झालो.

चार दिवसांनी पुण्याहून परीक्षक आले. मिस्त्री धुतलेला सदरा घालून कोपऱ्यात उभे होते. मी बटण दाबलं. पेटीबाहेरच्या दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पडायला हवी होती, ती पडली नाही; पेटीच्या आतच धप् झालं. मिस्त्रींनी झाकण काढलं. कडेच्या रबराला कुंकवाचा ओला लगदा चिकटला होता आणि झेंडूची एक पाकळी. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग अंगठ्यानं लगदा पुसला, पाकळी मुठीत घेतली आणि परीक्षकांकडे वळून म्हणाले, "चूक माझी हाय, सायेब. त्याल वलं ऱ्हायलं."

"असल्या कच्च्या मिस्त्रीकडून काम करून घेता तुम्ही?" परीक्षक मला म्हणाले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ज्या माणसानं जन्मात ओलं तेल भरलं नाही तो माझ्यासाठी मान खाली घालून उभा होता, आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

"तीन दिस द्या, सायेब," मिस्त्री म्हणाले. परीक्षकांना नृसिंहवाडीला दर्शनाला जायचंच होतं. ते थांबले.

त्या तीन दिवसांत मिस्त्रींनी मला एका शब्दानं टोकलं नाही. उलट खुशीत होते. मेव्हण्याच्या बेकरीतले पाव निघाले की निवत्या भट्टीत आमची तारांची वेटोळी वाळायला जायची. बाहेर यायची तेव्हा त्यांना खारीचा वास यायचा. तेल तापवायला घरचा बिर्याणीचा डेग आणला. त्यांच्या घरच्या, आमच्या चाची, मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या. "आता ईदला पावण्यांस्नी काय वीज वाढू?"

"वाढ की," मिस्त्री म्हणाले. "तिखट जरा कमी घाल."

तिसऱ्या दिवशी फाडकन ठिणगी पडली. परीक्षक दचकून दोन पावलं मागे सरले. अर्धा तास ती पडतच राहिली. शेवटी त्यांनी पेटीवर हात ठेवून बघितला; पेटी नुसती कोमट होती. त्यांनी माझं तोंडभरून अभिनंदन केलं. मिस्त्रींना म्हणाले, "या वेळी नीट केलंत." मिस्त्री हसले आणि पंचा सोडून घाम पुसायला लागले.

प्रबंध बांधून आला तेव्हा पहिली प्रत घेऊन मी शेडवर गेलो. ऋणनिर्देशातलं इंग्रजी त्यांना मराठीत सांगितलं. आपलं नाव त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग डोळे बारीक करून विचारलं, "आणि झाकण कुणी उघडलं, त्ये लिवलंय का?"

"नाही," मी कसंबसं म्हणालो. "मिस्त्री, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"माझं काम मला परत करता येत हुतं, सर. तुमची परीक्षा परत झाली असती व्हय?" आणि माझा चेहरा बघून त्यांना हसू आवरेना. "कवातरी सवडीनं लिवा की. मला काय घाई न्हाय."

ती सवड काढायला मी फार उशीर केला. मिस्त्री गेले तेव्हा सगळं उद्यमनगर लोटलं होतं. जनाज्याला मीही खांदा दिला, पण तोवरही लिहिलं नव्हतं. आज लिहितो. दस्तगीर मिस्त्रींचं तेल मुकं होतं. झाकण मी उघडलं होतं.