एक्स-रेवाली कोकिळा

धुळ्याजवळच्या फागण्यात पितांबर आबांना कुणी नुसतं "काय म्हणता?" विचारायची खोटी, की गाडी सुटलीच: आमची लेक कोकिळा पुण्यात एक्स-रेची डॉक्टर होतेय, झाली की धुळ्यात मशीन टाकणार!

१९८८च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोकिळा घरी आली, तर ओट्यावर शेजारचे जीवरामनाना गुडघा धरून हजर. "मना गुडघाना फोटो काढी दे, पोरी."

हसावं की रडावं, तिला कळेना. तिची डॉक्टरी पीएच.डी.ची, एक्स-रे ताऱ्यांचे, हाडांशी त्यांचं घेणं ना देणं. खरं सांगावं तर आबांचं गावभर हसं होणार. न सांगावं, तर दोन वर्षं दक्षिणेतल्या वेधशाळेत जायची परवानगी मागायची कोणत्या तोंडानं? लग्नाचं पालुपद तर घरात रोजचंच.

अंगणात फुगड्या रंगल्या होत्या. कुंदाआत्यानं तिला ओढलंच. आत्या चांगली भरभक्कम, जागची हलेना, आणि काडीएवढी कोकिळा अंगणभर गरागरा. आबा पोट धरधरून हसले. ते हसताहेत तोवरच बोलून घ्यावं म्हणून कोकिळेनं धापा टाकत सांगून टाकलं.

"आबा, मी हेच शिकते. आकाशात काही तारे असे जोडीनं फिरतात. एक दिसतो, दुसरा दिसतच नाही. तो पहिल्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो, वायू भयंकर तापतो नि त्यातून एक्स-रे निघतात. हाडांचं त्यात काही नाही."

"जो दिखत नही, त्याना तू काय अभ्यास करस?"

"दिसणाऱ्याचा प्रकाश फोडायचा. इंद्रधनुष्यासारखे रंग पडतात, त्यांत काळ्या रेघा असतात. तारा आपल्याकडे आला की रेघा निळ्याकडे सरकतात, लांब गेला की तांबड्याकडे. त्यावरून त्याची गरगर कळते, आणि गरगरीवरून दुसऱ्याचं वजन. माझ्यावरून आत्याचं कळावं, तसं."

"मना वजनवर कसाले जास?" आत्या फणकारली.

"त्यासाठी दोन वर्षं दक्षिणेतल्या वेधशाळेत राहावं लागेल, आबा. जाऊ?"

आबांचं हसू मावळलं. गावभर पिटलेला डांगोरा त्यांना आठवला असणार. त्यांनी चपला घातल्या आणि ते समोरच्या पारावर जाऊन बसले. कोकिळा दारात उभी, कान पाराकडे.

पारावर जीवरामनाना होतेच. "मशीन कवय येनार शे?" त्यांनी विचारलं.

आबांनी घसा खाकरला, सगळ्या पाराला ऐकू जाईल असा.

"मशीन येनार नही. मनी पोर जानार शे."