उपांत्य सामन्याची रिकामी ओळ

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की निवृत्त माणसाची मानही जरा ताठ होते. साल २०१६. पालघर जिल्हा नवा होता आणि मी तलासरीला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

वरिष्ठ कार्यालयातून एक निनावी अर्ज चौकशीसाठी आला. आमच्या हद्दीतल्या एका पाड्यावरची मुलगी खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीत निवडली गेली होती. अर्जदाराचं म्हणणं असं, की राज्य पातळीच्या बास्केटबॉल स्पर्धेत ती खेळलीच नाही, तिच्या नावावर दुसरीच मुलगी मैदानात उतरली. उपांत्य सामन्याच्या दिवशी ती स्वतःच्या पाड्यावर होती, हा त्याचा पुरावा. संघाच्या फोटोत ती आहे, पण फोटोत उभं राहणं म्हणजे खेळणं नव्हे, हेही पठ्ठ्याने आधीच लिहून ठेवलं होतं. आरोप सिद्ध झाला तर तिची नोकरी जाणार होती, वर फसवणुकीचा गुन्हा.

निनावी अर्ज बहुतेक जळफळाटातून येतात, तरी वाचावे सगळेच लागतात. मी मुलीला बोलावलं. सोबत वडील होते, ते दारातच हात जोडून उभे राहिले. त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. माणूस बसला की खरं बोलतो, उभा ठेवला की सुटायचं बघतो, हे मी नोकरीत शिकलो होतो.

"उपांत्य सामन्याच्या दिवशी कुठे होतीस?" मी विचारलं.

"घरा होते, साहेब."

माझ्या हवालदाराने लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, कबूलच झाली की!"

"घरी कशाला गेली होतीस?"

"नव्या पिकाचा पहिला भात खायचा होता. आमच्यात घरचं एक माणूस जरी कमी असलं, तरी पान मांडत नाहीत. म्हातारी आजी, बारकी पोरं, समदी थांबून राहतात. मी आले नसते तर कोणीच खाल्लं नसतं. दुसरे दिवशी पहिल्या गाडीने परत गेले नि फायनल खेळले."

"सुट्टी कोणी दिली?"

"मॅनेजर सरांनी. त्यांना एकट्यालाच सांगितलेलं. बाकीच्या पोरींना वाटलं ताप आलाय."

हवालदाराच्या मते प्रकरण संपलं होतं. मला मात्र ती मुलगी आवडली. स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट तिने पहिल्याच प्रश्नाला, मान वर ठेवून सांगितली होती. खोटं बोलणारा आधी गैरहजेरी झाकतो.

पण आवडणं अहवालात लिहिता येत नाही. आयोजकांकडे चौकशी केली, तर कागदी स्कोअरशीट केव्हाच रद्दीत गेलेली. सामने चालू असतानाच आकडे संगणकात भरले होते आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, एवढं कळलं. ठाण्यात संगणकावर बसणाऱ्या आमच्या महिला शिपायाला मी कामाला लावलं. बास्केटबॉलबद्दल माझं ज्ञान टोपलीत चेंडू टाकतात, एवढंच होतं.

तिने खेळाडूचा नोंदणी क्रमांक आणि स्पर्धेचं वर्ष टाकलं. पडद्यावर एकूण गुणांची बेरीज आली. "सर, चांगलं खेळलीय!"

"बेरीज काय कामाची? ती दुसऱ्या पोरीचीही असेल. मला एकेक सामना वेगळा पाहिजे."

माहिती काढायच्या त्या साधनात 'सामनानिहाय' असा पर्याय होता. तो निवडल्यावर ओळी एकाखाली एक उतरल्या. प्रत्येक सामन्यात किती मिनिटं मैदानावर, किती गुण, किती फाउल. साखळी सामने भरलेले. उपांत्य सामन्याची ओळ रिकामी, समोर 'खेळली नाही' असा शेरा. अंतिम सामन्यात संघात सर्वांत जास्त गुण तिचेच.

मी खुर्चीतून उठलोच. तिच्या नावावर दुसरी कोणी खेळत असती, तर ती उपांत्य सामनाही खेळली असती. खरी मुलगी पाड्यावर गेली म्हणून तोतया मुलगी नेमकी त्याच दिवशी कशाला बसून राहील? अर्जदाराने जो दिवस पुरावा म्हणून दिला, त्याच दिवसाने मुलीला सोडवलं.

आता अर्जदार शोधणं अवघड नव्हतं. पाड्यावरच्यांना सामन्यांच्या तारखा ठाऊक नव्हत्या, आणि ती त्या दिवशी घरी होती, हे संघात एकाच माणसाला माहीत होतं. डहाणू रोडला राहणाऱ्या त्या मॅनेजरला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर.

"सर, उपांत्य सामन्यात तिच्या जागी कोण खेळलं?" मी सहज विचारलं.

"कोण खेळणार, साहेब? टीममध्ये आधीच शॉर्टेज. जेमतेम पाच पोरींवर मॅच काढली."

"म्हणजे तिच्या नावावर कोणी उतरलं नाही?"

"छे! असं आमच्याकडे चालत नाही."

मी अर्ज त्याच्यासमोर ठेवला, शेजारी सामनानिहाय आकड्यांची प्रत. त्याने दोन्ही वाचलं आणि शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. भरतीच्या प्रतीक्षा यादीत पहिली त्याची सख्खी भाची होती; ही मुलगी बाद झाली की भाचीचा नंबर लागणार होता. "बहिणीने फार मागे लागून लिहायला लावलं," म्हणाला. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाईचा प्रस्ताव पाठवला आणि मुलीविरुद्ध काही निष्पन्न होत नाही, असा अहवाल मी स्वतःच्या हाताने लिहिला. अनेक मोठे गुन्हे उघड केले, पण त्या अहवालाखाली सही करताना जेवढं समाधान वाटलं, तेवढं क्वचितच वाटलं असेल.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. आम्ही पोलीस माणूस कुठे होता ते शोधत फिरतो. तो कुठे नव्हता आणि का नव्हता, हेही तितकंच बोलतं. शिवाय सोबत्यांना सोडून घरच्यांसाठी गेलेली आणि परत येऊन अंतिम सामना जिंकून देणारी मुलगी खात्याला परवडते, हे मी कोणालाही छातीठोक सांगेन.

२०१९ मध्ये दिवाळीनंतर मी निवृत्त झालो. निरोप समारंभाला ती गणवेशात आली, कडक सॅल्यूट ठोकला आणि हातात एक कापडी पिशवी दिली.

"बाबांनी नवा तांदूळ पाठवलाय, साहेब. आमच्याकडे झालं खाऊन. आता तुम्ही खा."

बायको त्याच दिवशी शिजवणार होती. मी थांबवलं. मुलगा आणि सून पुण्याला होते. ते येईपर्यंत पिशवीची गाठ तशीच राहिली, आणि घरचे सगळे जमले तेव्हाच आम्ही पानं मांडली.