रांगेतली तिसरी
कोतोच्या मराठी मंडळाने सुशीलला ‘जपानमधील आद्य मराठी वृत्तछायाचित्रकार’ ठरवलं, तेव्हा त्याला स्पर्धक कोणी नव्हता. त्याच्याआधी कोणी झाला नव्हता आणि नंतरही ते खूळ कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. पोटापाण्यासाठी तो धातूंवर संशोधन करायचा. कल्पनाशी लग्न करून सेंदाईला आला, तिथे एक जुना कॅमेरा घेतला आणि पुण्याच्या एका दैनिकाला फोटो पाठवत सुटला. चेरीची फुलं पाठवली, बर्फात रुतलेली सायकल पाठवली. दैनिकाने साधी पोचसुद्धा दिली नाही.

मग दोन हजार अकराचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या वसतिगृहातली आपली मराठी मंडळी, मैदानात रात्रभर कुडकुडून, कोपऱ्यावरच्या कोंबिनीपाशी जमली. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान, आणि नेमकं ते बंद होतं. मंडळी जमली ती आपल्या पद्धतीने, म्हणजे सगळी एकदम आणि सगळी पुढे. त्यांच्यातला नंदू तर काचेवर टकटक करत होता. तेवढ्यात सुशीलने कॅमेरा बाहेर काढला.

कॅमेरा दिसला की मराठी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. मुकाट्याने ओळ धरली. पण पारोशा तोंडाने फोटो कोणाला हवा असतो? म्हणून माना खाली गेल्या, टोप्या कपाळावर आल्या, मास्क डोळ्यांपर्यंत चढले. तिसरी होती कल्पना, गारठलेला एक पाय दुसऱ्यावर टेकवून उभी. “अरे, माझे केस बघ,” असं ती म्हणेपर्यंत याने बटण दाबलंसुद्धा. ओळ लगेच मोडली आणि सगळे पुन्हा दाराला जाऊन भिडले.

फोन, इंटरनेट, सगळंच बंद होतं. तिसऱ्या दिवशी एका परदेशी वाहिनीची गाडी आली. त्यांच्याकडे उपग्रहाची सोय होती आणि प्रत्येकाला एकच निरोप पाठवायची परवानगी. सुशीलने दैनिकाला फोटो पाठवला. घरी ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढं कळवावं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. यावरून कल्पनाने पुढे त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोटो पहिल्या पानावर आला. सुशीलने खाली फक्त ‘सेंदाई, दुकानाबाहेर’ एवढंच लिहिलं होतं. छापून आलं, ‘संकटातही अढळ जपानी शिस्त’. आपण हे कधी शिकणार, असा अग्रलेखही आला. फोन-इंटरनेट सुरू झाल्यावर हे पाहून सुशील खुलासा लिहायला बसला, तोच साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन लागला. अण्णा हे पी.टी.चे मास्तर, शाळेतली पोरं ताठ उभी करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी फोटो कापून चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावला होता. “जावईबापू, नाव काढलंत,” ते म्हणाले, आणि खुलासा राहिला तो राहिलाच.

पुढे कल्पना दरवेळी माहेरी गेली की अण्णा तिला त्या चौकटीसमोर उभं करत आणि म्हणत, ही तिसरी बाई बघ, किती संयम, शिक काहीतरी. नवऱ्याच्या अब्रूसाठी ती गप्प बसायची, पण आतून तिला फार लागायचं. त्या सकाळी ती उपाशी होती, घाबरलेली होती, अण्णा पुन्हा दिसतील का या विचाराने रात्रभर जागी होती. आणि त्याच अण्णांना ती ओळखू येत नव्हती.

आता मंडळाचा हा सत्काराचा कार्यक्रम इंटरनेटवरून साताऱ्यालाही दिसणार होता. अण्णा नव्वदीला टेकले होते. कल्पनाने आदल्या दिवशीच सुशीलला बजावलं, “तू सांग, नाहीतर मी सांगते. ते आहेत तोवर त्यांना कळू दे की ती मी आहे.” इचिकावाच्या घरून कोतोपर्यंत सुशील ट्रेनमध्ये तोंड पाडून बसला होता. त्याच्या नावावर हा एकच फोटो होता. तो गेला की मागे नुसता शास्त्रज्ञ उरणार, आणि मंडळात त्यांची काही कमी नव्हती.

शाल खांद्यावर पडली, पडद्यावर फोटो झळकला. अध्यक्षा यामिनीताई जपानी शिस्तीवर भरभरून बोलल्या. मग सुशीलने माइक घेतला आणि एका दमात बोलून टाकलं, की यात जपानी माणूस एकही नाही, सगळे आपलेच आहेत, फोटोसाठी उभे राहिलेत आणि तिसरी माझी बायको आहे.

सभागृह पोट धरधरून हसलं. सुशील-सान मिश्कील आहेत, असं यामिनीताई कौतुकाने म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या एका इंजिनियरने तर विचारलंच, आपली माणसं कधी अशी उभी राहतील का? त्यावर टाळ्या पडल्या. सुशील घाम पुसत खाली उतरला. खरं बोलून झालं होतं आणि शालही वाचली होती, त्यामुळे तो मनातून खूशच होता.

कल्पना मात्र डोळे पुसत फोन घेऊन कोपऱ्यात गेली. तिने साताऱ्याला फोन लावला.

“अण्णा, लोक हसले, पण ती तिसरी खरंच मी आहे.”

“अगं, प्रार्थनेच्या रांगेत असा पायावर पाय ठेवण्यापायी किती छड्या खाल्ल्यास माझ्या,” अण्णा म्हणाले. “चार दिवस तुमचा पत्ता नव्हता. पेपर आला, तो पाय दिसला, मग जेवलो.”

तिने विचारलं, “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“जावयाचं नाव होत होतं. आणि तुला म्हणत होतोच की, शिक काहीतरी. आता तरी नीट उभी राहा.”

कल्पनाने खाली पाहिलं. पाय पायावरच होता.