‘कपाट’वाले व इतर

किस्से जपावे लागत नाहीत. छत्री हरवते, चष्मा हरवतो, पण किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी. फेकून देऊ म्हटलं तरी कुठून तरी बाहेर येतातच. नोकरीतले किस्से निवृत्तीच्या दिवशी संपतील असं मला वाटलं होतं. पण निवृत्त झालो आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या नादी लागलो. पिशव्या पुन्हा साठायला लागल्या!

आधी ओळख करून देतो. परभणीत आमच्या गल्लीत नितीन राहतो. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातून करतो आणि उरलेल्या वेळात त्यानं गावोगावच्या वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर केलंय. नाव ‘कपाट’. कोणतं पुस्तक कोणत्या फळीवर आहे, कोणी नेलं, परत कधी येणार, हे सगळं ते सांगतं. ते फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड उघडा आहे. कुणीही बघावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. याला ओपन सोर्स म्हणतात. आमची सौ. याला पंगत म्हणते. “ज्याला यायचं त्यानं यावं, वाढायला लागावं, आणि शेवटी भांडी कुणी घासायची यावरून भांडावं!”

दर नव्या आवृत्तीबरोबर एक टिपण जातं. काय बदललं, कुणी बदललं. ही रिलीज नोट. ती लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण भूसंपादनाच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाला टिपणाशिवाय दुसरं काही येत नसणार, अशी नितीनची खात्री आहे. रविवारी आम्ही सगळे बसस्टँडजवळ सलीमभाईंच्या डीटीपीच्या दुकानात जमतो. तिथं मला अजून भाऊसाहेबच म्हणतात. पगार निम्मा होतो, पदवी पूर्ण राहते.

*

नितीननं स्वतः लिहिलेली पहिली नोट एका ओळीची होती. ‘किरकोळ दुरुस्त्या करण्यात आल्या.’

“कुणी केल्या?” मी विचारलं.

“त्यानं काय फरक पडतो, भाऊसाहेब?”

म्हटलं, बाबा रे, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात आली’ हे वाक्य मी जन्मभर लिहिलं. त्या वाक्यात काम झालेलं असतं, पण करणारा माणूस कुठंच सापडत नाही. म्हणून तर ते वाक्य सगळ्यांना आवडतं!

“आणि आणखी एक शब्द आपल्या नोटमध्ये चालायचा नाही,” मी म्हणालो. “व इतर.”

आमच्या फायलींवर नाव एकाचं असायचं. अमुक पाटील व इतर. सुनावणीच्या दिवशी आमचा शिपाई दारात उभा राहून निजामाच्या काळातल्या सुरात पुकारा करायचा, “अमुक पाटील व इतर, हाजिर हो!” पाटील आत येऊन खुर्चीवर बसायचे. व्हरांड्यात उकिडवे बसलेले बाकीचे उठून उभे राहायचे, “हजर!” म्हणायचे आणि पुन्हा बसायचे. त्यांना नावं होती. फाईलच्या पोटात ती लिहिलेलीही होती. हाक मात्र ‘इतर’ अशीच यायची. त्या हाकेला ओ देत देत माणसं म्हातारी झाली.

मग कोपऱ्यातून प्रज्ञा म्हणाली, “आमचा बाबाबी असाच एका फायलीत इतर हाय, भाऊसाहेब. कालव्यात गेली आमची जमीन. अजून तारखा चालूच हायेत.”

प्रज्ञा ताडकळसची. बीएस्सी झालेली, गावात मुलांच्या शिकवण्या घेते आणि रविवारी एसटीनं आमच्याकडं येते. बोलते कमी. त्या दिवशी तिचं तेवढं एक वाक्य झालं आणि ती पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. सगळ्यांची नावं, पूर्ण, आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्यानं काय केलं ते.

*

चूक दाखवणाऱ्याचंही नाव द्यायचं ठरलं, आणि आमचे ज्ञानोबामामा इतिहासात दाखल झाले.

मामा पोखर्णीचे. शेती करून गावातलं वाचनालय सांभाळतात. एकदा त्यांचा फोन आला. “नितीन, तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलायलंय. पुस्तक फळीवर हाय म्हणतंय. मी फळीपाशीच उभा हाय. फळीवर पाल हाय!”

चूक खरी होती. नितीननं ती दुरुस्त केली आणि नोटमध्ये मामांचं नाव आलं. मामांना नवल वाटलं. “चूक काढली म्हणून नाव? आमच्या घरी तर चूक काढली की जेवण मिळत न्हाई.”

पण गोडी लागली. त्यानंतर रोज एक चूक येऊ लागली. अक्षर बारीक दिसतंय. स्क्रीनवर ऊन पडतंय. एकदा तर वाचनालयाच्या खुर्चीचा पाय मोडल्याचं त्यांनी कळवलं.

“मामा, खुर्ची सॉफ्टवेअरमध्ये येत नाही,” नितीन म्हणाला.

“पण मी खुर्चीवर बसूनच सॉफ्टवेअर चालवायलोय ना!”

*

नावं आली की क्रम आला. क्रम आला की भांडण आलं. लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही घराला विचारा. आम्ही वयानुसार लावून पाहिलं, कामानुसार लावून पाहिलं. शेवटी मी म्हटलं, बाराखडी हाच एक निःपक्षपाती अधिकारी आहे. नावाच्या पहिल्या अक्षरानं लावा.

मामांचा लगेच फोन. “भाऊसाहेब, ज्ञ सगळ्यात शेवटी येतोय!”

“हो.”

“म्हंजे मी मरेपर्यंत शेवटी?”

“हो.”

“आमच्या बापानं नाव ठेवलं तवा सॉफ्टवेअरचा विचारच केला न्हाई.”

*

एक गृहस्थ सरकारी नोकरीत आहेत. कार्यालय सांगत नाही, फक्त एवढं सांगतो की ते रोज देवगाव फाट्यावर उतरतात. त्यांनी ‘कपाट’मधला तारखांचा मोठा घोळ निस्तरला. फार सुंदर काम. मग मला हळूच म्हणाले, “माझं नाव मात्र घालू नका. ऑफिसच्या वेळात केलंय.”

मी समजलो. मी न समजलो तर कोण समजणार! नाव घातलं नाही.

नोट निघाली त्याच दिवशी त्यांचा फोन. आवाजात दुखणं होतं. “भाऊसाहेब, सगळ्यांची नावं आहेत.”

“तुम्हीच नको म्हणाला होतात.”

“नाव नको म्हणालो होतो. विसरा म्हणालो नव्हतो!”

पुढच्या नोटमध्ये मी एक ओळ घातली. ‘एक सज्जन, ज्यांनी नाव न देण्याविषयी कळवले आहे.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे पाठवले.

*

आमचा एक मदतनीस कोण आहे, कुठल्या देशातला आहे, हे आम्हाला अजून माहीत नाही. इंटरनेटवर त्याचं नाव ‘टीपॉट’ आणि फोटोच्या जागी एक मांजर. पण काम चोख.

आवृत्ती निघाल्याचा फ्लेक्स लावायचा उत्साह सलीमभाईंना आला. त्यांचा धंदाच तो. सगळ्यांचे फोटो गोलात, खाली नावं. कुणाला सोडायचं नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. मांजरही गोलात आलं. खाली ‘मा. श्री. टीपॉट’.

फ्लेक्ससमोर दोन माणसं बराच वेळ उभी होती. शेवटी एकानं आत डोकावून विचारलं, “सलीमभाई, ह्या मांजराला कोण्या पार्टीचं तिकीट मिळालं?”

“अपक्ष हाय,” सलीमभाई म्हणाले.

*

आता प्रज्ञाचं. पूर्वी ‘कपाट’मध्ये पुस्तक शोधायचं तर नाव तंतोतंत लिहावं लागायचं. एक वेलांटी इकडची तिकडं झाली की मशीन म्हणायचं, पुस्तक नाही. प्रज्ञानं असा शोध लिहिला की कसंही लिहिलं तरी मशीन पुस्तक ओळखतं. किती रविवार गेले ते तिलाच ठाऊक. मामांनी वापरून बघितलं आणि लगेच तिला फोन केला. “पोरी, माझं शुद्धलेखन चुकलं तरी पुस्तक सापडायलंय. शाळेत तुझ्यासारखी बाई असती तर मी सातवी पास झालो असतो!”

नोटमध्ये तिचं नाव आणि पुढं तिचं काम गेलं. ती नोट पुण्यातल्या एका कंपनीत कुणी तरी वाचली आणि तिला कामाला बोलावलं. आम्ही दुकानात चहा वाटला. प्रज्ञानं मात्र कप खाली ठेवला.

“बाबा न्हाई म्हणायलेत.”

“का?”

“म्हणतेत, फुकट काम करणाऱ्याला कोण नौकरी देतंय? ह्यात काही तरी फसवणूक हाय. मी मोबाईलवर माझं नाव दाखवलं. तर म्हणले, मोबाईलमधी कुणाचंबी नाव येतंय. चार माणसांत वाचलं तर खरं.”

म्हातारबुवांचं म्हणणं मला तरी चुकीचं वाटलं नाही. कागदावर नाव असणं आणि हाक येणं यातला फरक ज्याला कळायचा त्यालाच कळतो.

“मग वाचू,” मी म्हणालो. “मोठी आवृत्ती निघतेय. कार्यक्रम करू. बाबांना आण. सगळी नोट मोठ्यानं वाचली जाईल, हा माझा शब्द.”

*

कार्यक्रमाला हॉल लागतो. हॉल एका शिक्षणसंस्थेचा होता आणि संस्थेला अध्यक्ष होते. अध्यक्षांनी हॉल दिला आणि नोटचा मसुदा मागवून घेतला. वाचला. म्हणाले, “छान आहे. फक्त सुरुवातीला माझं नाव घ्या.”

“साहेब, आमच्यात नावापुढं काम लिहावं लागतं,” मी म्हणालो. “आपलं काय लिहू?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “प्रेरणा.”

हा तिढा घेऊन आम्ही दुकानात परतलो. नितीन हताश. नाव घालावं तर नियम मोडतो, न घालावं तर हॉल जातो.

सलीमभाई स्क्रीनवर पान जुळवता जुळवता म्हणाले, “नोटमध्ये शेवटी न सुटलेल्या चुकांचा तो एक मथळा असतोय ना, ज्ञात अडचणी? त्यात टाका!”

तो मोह मी टाळला. ‘हॉल दिला’ असं लिहिलं आणि बाराखडीत त्यांच्या अक्षरापाशी बसवलं. अध्यक्षांनी ते बघितलं. नंतर कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याच कॉलेजचे एक प्राध्यापक करतील असा निरोप आला.

*

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पोखर्णीहून मामा जीप भरून माणसं घेऊन आले होते. प्रज्ञाचे वडील लिंबाजीराव मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. मी जाऊन जय भीम केला, म्हटलं पुढं चला.

“हितंच बरंय, साहेब,” ते म्हणाले. “हितून ऐकू येतंय.”

अध्यक्षांचं भाषण झालं. ते प्रेरणेवर होतं. मग त्यांचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. तेही प्रेरणेवर. बाहेर पिंपातल्या चहावर साय धरली. लोक चुळबुळ करायला लागले. प्राध्यापकमहाशयांनी घड्याळाकडं पाहिलं, माझा कागद हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली आणि माईकवर म्हणाले,

“या आवृत्तीसाठी ज्यांनी कष्ट घेतले ते श्री. नितीन व इतर...”

मी उठायला लागलो. गुडघ्यांचं वय झालंय, वेळ लागतो. समोर नितीन हात वर करत होता. प्रज्ञा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती, ती मागं वळली नाही.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. मोठा, सरळ, सवयीचा.

“हजर!”

अख्खा हॉल मागं वळला. लिंबाजीराव उभे होते. दोन्ही हात सरळ खाली, मान ताठ.

प्राध्यापक गोंधळले. “आपण कोण?”

“इतर,” लिंबाजीराव म्हणाले.

प्राध्यापकांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष हारातली फुलं मोजत होते.

“मग... काय करायचं, बाबा?”

“वाचा की. आमी उभे हाओत.”

प्राध्यापकांनी कागद पुन्हा सरळ केला, खाकरले आणि पहिल्या नावापासून वाचायला लागले. एकेक नाव, पुढं त्याचं काम.

प्रज्ञाचं नाव प वर आहे. प यायला बराच वेळ लागतो. तोवर लिंबाजीराव उभेच होते.