सशाला सांगितलेलं

आधी हे कबूल करून टाकते की चूक माझीच होती. नंतर मी आण्णांवर चिडले, ऑफिसवर चिडले, त्या कापडी सशावर तर इतकी चिडले की त्याला उचलून पत्र्यावर भिरकावून द्यावंसं वाटलं. पण 'पालकाचा मोबाईल नंबर' या रकान्यात आण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा नंबर मी माझ्याच बोटांनी टाकला होता.

दुसरं काय टाकणार? आमच्या घरात कुठल्याही फॉर्मवर 'पालक' हा शब्द दिसला की हात आपोआप आण्णांचा नंबर लिहितो. गॅसचं बुकिंग, माझा दहावीचा फॉर्म, भावाच्या लग्नाचा हॉल, भाचीचा शाळेतला दाखला, सगळीकडं तोच नंबर. घरातली सगळी सिमकार्डं त्यांच्या नावावर. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण घराचा सगळा कारभार अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. आणि मी, जी दिवसभर पालकांचं ॲप कसं असावं यावर लोकांना अक्कल शिकवते, तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही की भाचीची पालक म्हणजे तिची आई.

माझं काम असं. पुण्यातली एक कंपनी लहान मुलांसाठी बोलका ससा बनवते. पोटात स्पीकर, कानात माइक. पोर त्याच्याशी बोलतं, तो उत्तर देतो, आणि पोर काय बोललं ते आईबापाला फोनवरच्या ॲपमध्ये दिसतं. ते ॲप कुणी उघडत नव्हतं, म्हणून ते नव्यानं डिझाइन करायचं काम माझ्याकडं आलं. मी वाशीत, म्हणजे आमच्या तालुक्याच्या छोट्या गावात, आमच्याच घरात मधल्या खोलीत बसून हे काम करते. लाईट गेली की फोनच्या नेटवर, आणि ते गेलं की देवाच्या भरवशावर म्हणावं, तर तीही सोय आमच्या घरात नाही.

पुण्याच्या ऑफिसात भिंतीवर एका आईचं चित्र लावलंय. वय बत्तीस. संध्याकाळी कामावरून गाडीत बसून परत येताना ती म्हणे ॲप उघडते. दर मीटिंगला तिचा दाखला. तिला हे आवडेल का, ती हे बटण दाबेल का. मी किती वेळा सांगितलं की बाबांनो, संध्याकाळी आमच्याकडच्या आईचे हात पिठात असतात. माकणीला माझ्या मावशीकडं फोन एकच आहे आणि तो काका धरणाकडच्या शेतात घेऊन जातात. सगळे माना हलवायचे, 'छान मुद्दा' म्हणायचे, आणि ती बाई भिंतीवर तशीच गाडीत बसलेली.

शेवटी वैतागून मीच तोडगा काढला. लोक ॲप उघडत नाहीत ना, मग उघडायला लावूच नका. रोज संध्याकाळी सात वाजता, पोरानं दिवसभरात सशाला जे काही सांगितलं त्यातलं सगळ्यात गोड एक वाक्य पालकाच्या फोनवर निरोप म्हणून पाठवा. वाक्य यंत्रच निवडेल. पुण्यात टाळ्या पडल्या. मॅनेजरबाई म्हणाल्या, यालाच म्हणतात घराघरात पोचणं. मीही फुगले, खोटं कशाला बोलू.

मग तपासून बघायला एक ससा आमच्या घरी आला, आणि त्याच्या ॲपमधला तो फॉर्म मी भरला. भाची सहा वर्षांची, पहिलीत. माझा भाऊ सोलापुरात नोकरीला, शनिवारी येतो. वैनी सरकारी दवाखान्यात नर्स, त्यांची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची. पोरीनं सशाला बघताच काखेत मारलं आणि थेट दिवाणाखाली शिरली. ससा पुस्तकातलं बोलायचा. "आज तू कोणता खाऊ खाल्लास?" हिचं आपलं चालू, "खाऊ न्हाय रं, भाकर आन् दोडका." दोनच दिवसांत ती आम्हा सगळ्यांना मिळून जेवढं बोलत नव्हती तेवढं एकट्या सशाशी बोलायला लागली. मला काय, माझे आकडे वर चालले होते.

आणि संध्याकाळी सात वाजता आण्णांच्या खिशात टिंग वाजायचं. चष्मा शोधायचा, खुर्ची अंगणात ओढायची, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं वाचायचं. पहिलं वाक्य होतं, "सशा, तुझी शेपूट येवढीच का रं, तू पण लहान हाईस का?" आण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग ते दूधवाल्याला वाचून दाखवलं, शेजारच्या काकूंना दाखवलं, भावाला फोन लावून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी ऑफिसला कळवलं की निरोप शंभर टक्के वाचला जातोय. तो कोण वाचतंय हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दर रविवारी आम्ही विहारात वंदनेला जातो. वंदना झाली की पोरांना पाठ केलेलं म्हणायला लावतात आणि मोठ्यांतलं कुणीतरी चार शब्द बोलतं. त्या रविवारी आण्णा उठले. खिशातून फोन काढला आणि नातीची आठवड्याभराची वाक्यं वाचून दाखवली. आयाबाया खूश, म्हातारे खूश. पोरगी माझ्या मांडीत तोंड लपवून बसली, पण हसत होती. मला वाटलं, चला, डिझाइन जमलं.

पुढच्या रविवारी आण्णा न बोलावताच उठले. आदल्या दिवशी आलेलं वाक्य त्यांनी राखून ठेवलं होतं. चष्मा सारखा करून त्यांनी वाचलं, "सशा, आज माझी चड्डी वर्गातच ओली झाली. तू कुणाला सांगू नको हं."

सगळा विहार हसला. वाईट हसणं नव्हतं ते. एका आजीनं तर तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पण पुढच्या सतरंजीवर तिच्याच वर्गातली दोन पोरं बसली होती, त्यांनी एकमेकांकडं बघितलं. भाची पांढऱ्या फ्रॉकात बसली होती. रडली नाही. सतरंजीचा एक सुटलेला धागा धरून ती तो ओढत राहिली, ओढतच राहिली.

घरी आल्यावर माझं डोकंच फिरलं. वडलांशी मी आवाज चढवून कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलले.

"आण्णा, ते तिनं सशाला सांगितलं होतं. तुम्हाला न्हाय."

ते म्हणाले, लहान लेकराची चड्डी ओली व्हायचीच, त्यात लपवण्यासारखं काय? मी म्हटलं, तिनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं आणि तुम्ही तेवढंसुद्धा मोठ्यानं वाचलंत. आण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं संपलं. मग शांतपणे म्हणाले, "माझ्या बापाला चारचौघांत तोंड उघडायची सोय नव्हती. माझी नात बोलतीय, आन् म्या ते खिशात दाबून ठिवू?"

त्यांचं खरं होतं, आणि तरीही चुकलं होतं, आणि खरं होतं म्हणून मला अजूनच संताप आला. मी पाय आपटत मधल्या खोलीत गेले आणि राग काढायला ऑफिसला फोन लावला.

तिथं तर हात टेकले. मी सांगत होते की सातचा निरोप बंद करा. मॅनेजरबाई सांगत होत्या की अख्ख्या ॲपमध्ये तेवढी एकच गोष्ट लोक बघतात. मग कुणीतरी सुचवलं की 'चड्डी' वगैरे शब्द गाळायची चाळणी लावू. मी म्हटलं, अहो, शब्दाचं काय घेऊन बसलात, पोरगी कुणाला सांगू नको म्हणतेय आणि तुमच्या यंत्रानं तेच वाक्य गोड म्हणून उचललं. तर म्हणाले, पालकांनी संमतीच्या पानावर होकार दिलेला असतो. ते संमतीचं पान मीच लिहिलं होतं. होकारही मीच दिला होता, एक ओळ न वाचता. मी फोन ठेवला.

इकडं पोरगी गप्प झाली. तिनं ससा कपाटात नेऊन ठेवला आणि त्याच्यावर वैनींची शाल टाकली. मग सात वाजता आण्णांना नवाच निरोप यायला लागला, "आज तुमच्या बाळाने सशाशी गप्पा मारल्या नाहीत." हेही वाक्य माझंच. आण्णा बिचारे घाबरले. ससा घेऊन तिच्या मागं मागं फिरायचे, बोल की गं त्याच्याशी, बरं न्हाय का तुला. ती भिंतीकडं तोंड करून बसायची.

आणि मग ती खरंच आजारी पडली. अंगात ताप, ओटीपोटात दुखायचं, लघवीला जळजळ. वैनी नर्सच, त्यांनी लगेच तपासणी करून घेतली. इन्फेक्शन निघालं, औषध सुरू झालं. पण वैनींच्या लक्षात आलं की पाण्याची बाटली शाळेतून रोज भरलेली परत येतेय. का पीत नाहीस? उत्तर नाही. शाळेत बाथरूमला जात नाहीस का? उत्तर नाही. डॉक्टरांनी विचारलं, भावानं फोनवरून विचारलं, आण्णा तर हात जोडायचे तेवढे बाकी राहिले. सहा वर्षांचं लेकरू तोंडाला कुलूप लावून बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, कारण कळलं नाही तर हे पुन्हा पुन्हा होणार, आणि लहान वयात ते बरं नाही.

वैनी भाकरी थापता थापता थांबल्या. "ताई, दवाखान्यात मी परक्या बायांना बोलतं करते. आन् माझी पोरगी मला सांगंना झालीय." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा थापायला लागल्या, पण भाकरी तव्यावर टाकायचं विसरल्या.

मी उठून लॅपटॉप उघडला. तपासणीच्या सशांशी झालेलं सगळं बोलणं ऑफिसात आम्हाला वाचता येतं. आतापर्यंत मी फक्त आकडे बघत होते, आता वाचायला बसले. चोरी करतेय असं वाटत होतं, आणि ती चोरीच होती. पण वाचलं.

चड्डीच्या वाक्याच्या दोन दिवस आधीचं होतं ते. तिनं सशाला सगळं सविस्तर सांगितलं होतं. शाळेतल्या मुलींच्या बाथरूमची कडी तुटलीय. आत बसून पायानं दार धरावं लागतं, पाय पुरत नाही. बाहेरून मोठी पोरं दार ढकलतात. म्हणून ती जातच नाही, आणि जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाही. सशानं यावर म्हटलं होतं, "वा, छान! आणखी काय सांगतेस?"

यंत्रानं हे बोलणं निवडलं नव्हतं. गोड नव्हतं ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, चिडायचं कुणावर? गोड तेवढं पाठवा, हे मीच तर लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून एक कडी आणि स्क्रू घेतले आणि शाळेत गेले. बाई भल्या होत्या, ऐकून त्यांचाच चेहरा उतरला. मधल्या सुट्टीच्या आत कडी बसली आणि मोठ्या पोरांना दम मिळाला. घरी येऊन मी आमच्या सशाचं ॲपवरचं खातं बंद केलं. बाकीच्या घरांत तो निरोप अजून सात वाजता जातो. मी दर मीटिंगला भांडते, आणि दर मीटिंगला माझा छान मुद्दा कुठंतरी लिहून ठेवला जातो.

ताप उतरल्यावर भाची शाळेत गेली. संध्याकाळी आली, दप्तरातून बाटली काढली आणि माझ्यासमोर उपडी धरली. रिकामी होती. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"आत्या, कडी तू लावलीस?"

"मी लावून घेतली."

"तुला कुणी सांगितलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. बाईंनी सांगितलं म्हणता आलं असतं. पण या पोरीचा भरवसा आम्ही आधीच पुष्कळ मोडला होता. म्हटलं, तू सशाला सांगितलेलं मी लपून वाचलं. माझं चुकलं. आता रुसणार, महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, अशी मनाची तयारी केली होती.

ती रुसली नाही. जरा विचार करून म्हणाली, "पर म्या सशाच्या आधी तुलाच सांगाय आले होते."

"कधी गं?"

"तू कानात ते घालून बसली होतीस. सशाचंच बोलत होतीस."

"मग? मी काय म्हटलं?"

मीटिंग चालू असताना कुणी खोलीत आलं की मी करते तसा, माझ्याकडं न बघता, तिनं हाताचा पंजा माझ्या तोंडासमोर धरला. मग हात खाली घेतला आणि बाटली भरायला माठाकडं गेली.